ड्रायव्हर मोहनसिंग

तांड्याचा नायक हिरासिंग यानं जीपची चावी मोहनसिंगच्या तळहातावर ठेवली आणि तो बाजूला झाला. जीपच्या तोंडावर झेंडूचा हार होता, चाकांखाली लिंबं होती, मागच्या भागात औंढ्याला नागनाथापुढं जेवण घालायचा शिधा होता आणि भोवती सगळा तांडा उभा होता. आता फक्त मोहनसिंगनं बसून गाडी चालू करायची होती.

नेमकं तेवढंच त्याला येत नव्हतं. पंधरा वर्षं फौजेत काढून आलेल्या या ड्रायव्हरनं जन्मात कधी मोटार चालवली नव्हती.

घोळ घातला होता एका शब्दानं. १९५३ साली मोहनसिंग नांदेडला भरती झाला आणि त्याचं पहिलं पत्र तांड्यावर आलं. वाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून औंढ्याच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं. लेक पलटणीत ड्रायव्हर झाला, असं त्यात होतं. फौजेत खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, हे मास्तरांना कुठून ठाऊक असणार? तांड्यानं ड्रायव्हर पाहिला होता तो एस.टी.चा, खाकी कपड्यांतला, हॉर्न वाजवून गुरं पळवणारा. मोहनसिंग पहिल्या सुट्टीवर आला तोवर त्याचा बा रतनसिंग चार गावांत सांगून मोकळा झाला होता, की आमी बैल हाकले, लेक मोटार हाकून राहिला.

रतनसिंगचं तरुणपण लादणीत गेलेलं. बैलांच्या पाठीवर मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या घालून त्यानं मुलूख तुडवला होता. आपल्या पूर्वजांनी अशाच गोण्या वाहून राजेरजवाड्यांच्या फौजा पोसल्या, असं तो सांगे. पुढं लादणी बसली, बैल विकले आणि म्हातारा मुकाट्यानं नांगरामागं लागला. त्या बापाला, मीही लादणीच करून राहिलो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एक सुट्टी गेली, दुसरी गेली, आणि ते खोटं घरातल्या माणसासारखं घरात राहू लागलं.

पेन्शनीवर येऊन मोहनसिंगला सहा वर्षं झाली होती. नजर कमी झाली म्हणत त्यानं आजवर वेळ मारून नेली. बा चार वर्षांमागं गेला. आता कुणी विचारणार नाही असं वाटत होतं, तोच नायकानं नजरेचं काही न ऐकता लिलावातली जुनी फौजी जीप आणून थेट दारात उभी केली. वारंगा फाट्यापर्यंत माणसं वाहायची होती, आणि फौजेची गाडी फौजीच चालवणार, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. हिंगोलीहून ज्यानं ती आणली तो मेकॅनिक बाजेवर चहा पीत बसला होता.

मोहनसिंग जीपभोवती फिरला. निघायच्या आधी बोजाभोवती एक फेरी मारायची, ही त्याची पंधरा वर्षांची सवय. मागं सगळी पोती एकाच अंगाला टाकलेली दिसली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “डावी बाजू जड झाली. दोन्हीकडं बराबर पाहिजे, न्हाई तर पाठ सोलते.”

“मोटारीला कुटली पाठ, मोहनसिंग?” हिरासिंगनं विचारलं.

सगळे हसले. मोहनसिंगही हसू लागला, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. त्याला एकदम या सगळ्याचा कंटाळा आला. त्यानं चावी नायकाच्या हातात परत दिली.

“मला मोटार येत न्हाई, नायक. माझी गाडी चार पायाची व्हती. खेचर व्हतं.”

मग उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. चमेली तिचं नाव, खुरावर डागलेला नंबर चारशे सतरा. डोंगरी तोफ खोलली की आठ खेचरांच्या पाठीवर जायची, आणि गोळ्यांच्या पेट्या मागून चमेलीच्या पाठीवर. जिथं मोटार पोचत नाही तिथं चमेली पोचायची. एकदा धुक्यात ती अडून बसली. त्यानं शिव्या दिल्या, ओढलं, ती हलेना. धुकं उठल्यावर दिसलं, चार पावलांपुढची वाट रात्रीतून दरीत गेली होती. मागं अकरा खेचरं आणि तितकीच माणसं उभी होती. पेन्शनीच्या दिवशी तिचा निरोप घ्यायला गेला, तर तिनं रोजच्यासारखं त्याच्या खिशात तोंड घातलं, गूळ शोधायला. हे सांगताना त्याचा हात आपसूक खिशाकडं गेला.

कुणी हसलं नाही. पण उंबऱ्यावर बसलेली त्याची म्हातारी आई, पारुबाई, उठून घरात गेली. आईला लाज वाटली, असं मोहनसिंगला वाटलं. तांडा काही म्हणो, आईनं तोंड फिरवायला नको होतं. तो मागोमाग आत गेला.

पारुबाई पेटी उघडून बसली होती. लुगड्यांच्या तळातून तिनं कवड्या शिवलेला लाल पट्टा काढला. रंग उडालेला होता, पण कवडी एकही तुटली नव्हती.

“म्होरक्या बैलाच्या कपाळाचा,” ती म्हणाली. “बैल इकले तवा तुज्या बानं येवढंच ठिवलं. मरायच्या आदल्या दिवशी हातात घिऊन बसला व्हता. म्हने, लादनी माज्यापाशी सपली, आता ह्ये कोनाला देऊ?” तिनं पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला. “तू काहून सांगितलं न्हाई रे लेकरा?”

जे ऐकून बा खचेल म्हणून मोहनसिंगनं इतकी वर्षं लपवलं, तेच ऐकायला बा तरसला होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

बाहेर हिरासिंग पोती उतरवून पुन्हा लावायला सांगत होता, दोन्ही अंगाला बराबर. मेकॅनिकनं जीप चालू केली.

मोहनसिंगनं पट्टा गुडघ्यावर पसरला. बैलाचं कपाळ रुंद, खेचराचं अरुंद. त्यानं बापाच्या हातची गाठ नखांनी सोडवली, चार बोटं आत घेतली आणि पुन्हा बांधली.