तात्यांचा अबोला

इस्त्रीवाल्या तात्यांचं देवाशी रोज वाजायचं. दुकान म्हणजे एक टेबल, एक इस्त्री, कपड्यांचे गठ्ठे आणि पडद्यामागच्या खोलीत पाठीचं ऑपरेशन होऊन आडवी पडलेली बायको. देवाशी बोलायची खोड तशी लहानपणापासूनची. पण बायकोने अंथरूण धरल्यापासून त्या बोलण्याचं भांडण झालं. रागात ते देवाला मुद्दाम अहो-जाहो करायचे.

"तुमचं बरंय, वर बसून राहायचं. हिला इथं कूस बदलायची म्हटलं तरी माणूस लागतं," असं सुनावता सुनावता त्यांचा हात थांबायचा आणि कुणाची तरी कॉलर करपायची. गिऱ्हाईकं वैतागायची, पण माणूस भला, म्हणून पुन्हा यायची. शाळेतल्या मास्तरांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "तात्या, माझ्या शर्टाच्या वेळी तेवढं भांडू नका."

मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ती आता उठून चालणार नाही. तात्या घरी आले, इस्त्री तापवली आणि कामाला लागले. तोंडातून अवाक्षर नाही. भांडायचं तरी कशासाठी, असं त्यांना वाटलं.

आणि काम काय देखणं व्हायला लागलं म्हणता. एक कॉलर करपेना. मास्तर शर्ट उलटसुलट करून म्हणाले, "वा, देवाशी समेट झालेला दिसतोय." तात्या नुसते हं म्हणाले.

दुपारी बायकोने हाक मारली. उशी सरळ करायला गेले, तर तिचे डोळे भरलेले.

"दुखतंय का गं?"

"ते रोजचंच आहे. अहो, तुम्ही त्याच्याशी भांडत का नाही?"

"काय उपयोग? त्याचं लक्ष कुठाय आपल्याकडे?"

"मला प्रार्थना जमत नाही हो. कळ आली की शब्दच सुचत नाहीत. मी आपली पडून तुमचं भांडण ऐकायची. तुम्ही इतक्या हक्काने बोलायचात, की वाटायचं, तो तुमच्या टेबलापाशीच उभा आहे, मान खाली घालून सगळं ऐकून घेतोय. तुम्ही गप्प झालात आणि मला फार एकटं वाटायला लागलं."

बाहेर येऊन तात्यांनी एक शर्ट पसरला, घसा खाकरला.

"ऐकताय ना?" ते म्हणाले, आणि पुढचं जमेचना. मग सुटले ते सुटलेच. डॉक्टरांचं सांगितलं, तिच्या पायांचं सांगितलं, नाही नाही ते बोलले. शेवटी टेबलाला धरून म्हणाले, "तिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तुम्ही कुठे जाऊ नका." कॉलर केव्हाच करपली होती. पण छातीवरचं ओझं जरा हललं. आपलं एवढं तिरपागडं बोलणं कुणीतरी मायेने ऐकून घेतलं, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं.

पडद्यामागून घोरणं ऐकू आलं. तात्यांनी डोळे पुसले, इस्त्री उभी करून ठेवली आणि आवाज खाली आणला.

"झोपली ती," ते म्हणाले. "आता हळू बोलू."