मेपलच्या राईचा ठराव

ठराव पडला. शून्य विरुद्ध शून्य.

पण ते सध्या बाजूला ठेवू. तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता शनिवारची दुपार आहे, परीक्षित हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या उघडून गोलात मांडतो आहे, आणि ठराव अजून जिवंत आहे.

खुर्च्या गोलात मांडायचं मंडळाने दोन वर्षांपूर्वी ठरवलं. त्याआधी त्या रांगेत असत आणि समोर टेबलामागे गॉर्डन बसे. मग इथल्या मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाची जाणीव करून देणारी वर्कशॉप्स सुरू झाली. गोलात कोणी पुढे नसतं, कोणी मागे नसतं, हे सगळ्यांना मनापासून पटलं. अडचण एवढीच, की गॉर्डन जिथे बसेल तीच पुढची बाजू होई. म्हणून हल्ली तो दारापाशी बसतो, अंगातला कोट न काढता, घरी निघालेल्या माणसासारखा.

हॅमिल्टनच्या बाहेर ओढ्याकाठी असलेलं हे निसर्गप्रेमी मंडळ. सभासद अकरा. त्यातल्या दहा जणांचे खापरपणजोबा जंगल तोडून इथे शेती करायला आलेले. अकरावा परीक्षित. तो पुण्याहून कोड लिहायला आला आणि पहिल्या हिवाळ्यात, कोणीतरी दोन शब्द बोलेल या आशेने, या हॉलमध्ये शिरला. सूप चांगलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याला सेक्रेटरी करण्यात आलं, कारण टाइप करताना तो कीबोर्डकडे बघत नसे.

त्याचा फोन वाजला. कादंबरी होती, त्याची बायको.

"आज ते मतदान आहे ना? तू देणारेस मत?"

"छे. माझं काय तिथे. त्यांचं त्यांना ठरवू दे."

"हां, आपण कालचे आलेले. कशाला मध्ये पडायचं. येताना ग्रोसरी कर, दही संपलंय."

फोन ठेवून त्याने शेवटची खुर्ची फोटोखाली लावली. फोटो गॉर्डनच्या खापरपणजोबांचा, एलियास यांचा. पण ते दिसत नाहीत. गेल्या वर्षीपासून त्यांचं तोंड भिंतीकडे आहे. फोटो काढावा की ठेवावा यावर एकमत झालं नाही, तेव्हा मार्जोरी उठली आणि तिने तो उलटा करून ठेवला. आता हॉलवर लक्ष ठेवून असतो तो तपकिरी पुठ्ठा आणि एक गंजका हूक.

डार्लीन वेळेवर आली. ती मोहॉक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, नदीपलीकडच्या वस्तीवर राहणारी. हॉलमागच्या फाटकापलीकडे जी मेपलची राई आहे, तिथे तिची पणजी मार्चमध्ये झाडांना भोकं पाडून रस गोळा करी. मग एलियासच्या मुलाने कुंपण घातलं, आणि पुढे राई मंडळाच्या ताब्यात आली. मागल्या वर्षी गॉर्डन आणि डार्लीन दप्तरखान्यात शेजारी बसून जुने कागद चाळत होते, तेव्हा निघालं की ही जमीन एलियासला विकलेलीच नव्हती. भाडेपट्ट्याने दिली होती, आणि पट्टा शंभर वर्षांपूर्वी संपला होता. कोणी जागा सोडली नव्हती, इतकंच. त्या दिवसापासून गॉर्डन हळू बोलतो. पूर्वी तो दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर पकडून स्वतः संपवी. आता स्वतःचं वाक्यही अर्ध्यावर सोडून देतो.

"मी थोडक्यात सांगते," डार्लीन म्हणाली. "आई नर्सिंग होममध्ये आहे. जेवत नाही फारसं. विचारलं, काय हवंय? तर म्हणाली, त्या झाडांचं पाणी. बाकी काही नको. आता रात्री गोठतंय, दिवसा वितळतंय, म्हणजे रस सुरू झालाय. कळ्या फुटल्या की कडू होतो. बादल्या ट्रकमध्ये आहेत."

मार्जोरीने डोळे पुसले आणि ठराव वाचला. राई डार्लीनच्या लोकांना परत द्यावी, आणि कागदपत्रं होईपर्यंत फाटकाची चावी आजच तिच्या हाती द्यावी. ब्रूसने अनुमोदन दिलं. ब्रूसकडे मंडळाची नियमावली असते, प्लास्टिकच्या कव्हरात.

"बाजूने कोण?" ब्रूसने विचारलं.

कोणाचा हात वर गेला नाही. परीक्षितला आधी वाटलं, पंगतीत होतं तसं असेल, पहिला घास कोणी घ्यायचा. पण गॉर्डन दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसला होता आणि मार्जोरी स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"विरुद्ध कोण?"

या प्रश्नाने सगळ्यांचे चेहरे दुखावल्यासारखे झाले.

"तटस्थ?"

हात वर गेले. गॉर्डनचा, मार्जोरीचा, खुद्द ब्रूसचा. दहाच्या दहा. परीक्षितने गोलावरून नजर फिरवली आणि आपलाही वर केला. यांना हे शिकायला दोन वर्षं वर्कशॉप्स करावी लागली. त्याला वडिलांनी सोसायटीच्या मीटिंगला सोबत नेऊन फुकटात शिकवलं होतं.

"शून्य विरुद्ध शून्य," ब्रूस म्हणाला. "बहुमत नाही. ठराव पडला."

"थांबा," डार्लीन म्हणाली. "म्हणजे, नाही?"

"नाही, नाही असं नाही," मार्जोरी घाईने म्हणाली.

"मग हो?"

"हो म्हणणारे आम्ही कोण, डार्लीन? तोच तर मुद्दा आहे."

गॉर्डनने घसा साफ केला.

"मी चाळीस वर्षं या हॉलमध्ये या जमिनीवरून हात वर करत आलोय. कुंपणाला रंग द्यायला केला, फाटकाला कुलूप लावायला केला. या वेळी ठरवलं, हात खाली ठेवायचा. एकदा तरी..."

"आजच?" डार्लीनने विचारलं.

गॉर्डन छताकडे बघत उत्तर शोधू लागला. तो खरोखर शोधत होता, हे दिसत होतं.

"बरं, परत मत घ्या," ती म्हणाली.

ब्रूसने कव्हरातून पान काढलं, चष्मा लावला, पान परत ठेवलं. पडलेला ठराव त्याच बैठकीत पुन्हा घेता येत नव्हता. पुढची बैठक मेमध्ये.

"मेमध्ये पानं असतात झाडांना. ठराव राहू दे. नुसतं फाटक उघडा. दोन तासांचं काम आहे."

"परवानगी दिली, की आपण पुन्हा मालक झालो," गॉर्डन म्हणाला. "मला ते पुन्हा व्हायचं नाही."

"आणि मी न विचारता गेले तर?"

"मग इन्शुरन्सचा प्रश्न येतो," ब्रूस म्हणाला.

डार्लीनने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग उलट्या फोटोकडे पाहिलं.

"एलियासशी बोलणं सोपं गेलं असतं," ती म्हणाली. "तो निदान नाही म्हणाला असता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गोलात कोणाला मध्येच तोडायचं नसतं. मग सूप आलं. ती सूपाला थांबली नाही.

परीक्षित तिच्यामागे पार्किंगमध्ये गेला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ट्रकच्या मागे पत्र्याच्या बादल्या एकीत एक घालून ठेवलेल्या होत्या. फाटकापलीकडे बर्फ झाडांच्या बुंध्याभोवती तेवढा वितळला होता.

"हॉलची चावी तुझ्याकडे असते ना?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे, खुर्च्या लावायला."

"आणि फाटकाची?"

ती त्याच जुडग्यात होती, कोटाच्या खिशात. त्याने हात खिशात घातला. चाव्या गार होत्या.

"मी फक्त सेक्रेटरी आहे," तो म्हणाला.

"ओके," डार्लीन म्हणाली. रागाने नाही, आणि तेच वाईट होतं. तिने ट्रक सुरू केला. वळणावर बादल्या वाजल्या आणि मग ऐकू येईनाशा झाल्या. त्याचा हात अजून खिशातच होता.

घरी कादंबरीने दही फ्रिजमध्ये ठेवता ठेवता विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

"कोणीच नाही. शून्य शून्य. सगळे तटस्थ."

"विरुद्ध कोणीच नव्हतं?"

"कोणीच नाही."

ती फ्रिजचं दार धरून उभी राहिली.

"म्हणजे एकाने जरी हात वर केला असता, तरी..."

परीक्षित चहा उकळतोय का ते बघायला गेला. चहा अजून ठेवलेलाच नव्हता. तो तरीही गॅसपाशी उभा राहिला.

मग त्याने लॅपटॉप उघडला. इतिवृत्त त्याच दिवशी पाठवायचा त्याचा शिरस्ता होता. उपस्थिती, ठराव, मतांची नोंद, सूपाबद्दल मार्जोरीचे आभार, सगळं त्याने रोजच्या वेगाने लिहिलं. शेवटच्या परिच्छेदाला त्याचा वेग कमी झाला. आज पहिल्यांदाच तो कीबोर्डकडे बघून टाइप करत होता.

"प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: फाटकापलीकडील सर्व मेपल वृक्ष. मंडळाची पुढील बैठक मे महिन्यात होणार असल्याने, विषयाचा निर्णय होईपर्यंत आपण आपला रस कृपया खोडातच रोखून धरावा, कळ्या फुटू देऊ नयेत, आणि नर्सिंग होममधील संबंधित वृद्ध महिलेच्या प्रकृतीस तोपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."