मौनाचा तास

सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लावून प्रार्थना होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा माझा आठ वर्षांचा नेम. यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी देवाला नवस बोलले. हे सुखरूप घरी आले आणि दिवसाचा पहिला तास मी देवाच्या नावाने बाजूला काढला. त्या तासात मी खुणांनी बोलते. म्हणजे बोलायचे. ते कसं बदललं तेच सांगायचंय, आणि सांगता सांगता ज्याचे आभार मानायचे त्याचे मानायचेत.

माझे सासरे पोस्टमन होते. छत्तीस वर्षं पायी टपाल वाटलं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग पावलं आखूड पडायला लागली, आणि मग पाय चिकटायला लागले. अगदी चिकटायलाच. चालता चालता, विशेषतः दारात, पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबायचे. वरचं अंग पुढे निघालेलं आणि पाय मागेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आजार जाणार नाही, पण सांभाळता येईल, म्हणाले.

त्यांच्या खोलीतून बाहेर पडायचं दार हाच त्यांचा मुख्य वैरी. आणि वेळ सकाळची. हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर पहाटेच्या पाळीला जातात, त्यामुळे सहा ते सात घरात आम्ही दोघंच. बाबा उठायचे, न्हाणीकडे निघायचे आणि दारात अडकायचे. मी मागून कमरेला धरायचे, पायाकडे बोट दाखवून खूण करायचे. पाच मिनिटं, कधी दहा.

"चालू दे तुझं मौन," चौकट धरून ते म्हणायचे. "आमचंही पोस्ट साताशिवाय उघडत नसे."

दुपारी मात्र हेच बाबा माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायचे, शेंगा सोलत बसायचे, परत जायचे. यांनी एक वही केली होती. कुठे अडकले, किती वाजता, गोळी कधी घेतली होती, सगळं त्यात. वहीत सहा ते सातचे रकाने फुल्यांनी भरलेले. त्यावरून डॉक्टरांनी गोळीची वेळ तीनदा बदलली. थोडा फरक पडला, फार नाही.

मग एका मंगळवारी ते पडले. भुवईवर चौकट लागली, तीन टाके पडले. त्याच दिवशी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुझ्यावर राग नाही गं माझा. पण उद्या खुबा मोडला तर? आमच्या इथे चांगली संस्था आहे, चोवीस तास नर्स असते. मी रविवारी सकाळी येतेय न्यायला. दादालाही सांगितलंय."

फोन स्पीकरवर होता, बाबांनी सगळं ऐकलं होतं. "मी काय रजिस्टर पत्र आहे," ते म्हणाले, "सही केली की ताब्यात?" हसले, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले नाहीत. त्यांची खिडकी, तिच्यातून दिसणारं ते वाकडं झाड, शेजारच्या शिंप्याशी रोजचं भांडण, हे सोडून त्यांना कुठेही जायचं नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते पुन्हा दारात अडकले. परवाची भीती अंगात होती, त्यामुळे जास्तच. तोल पुढे जायला लागला. मी मागून घट्ट धरलं, पण माझंही बळ ते किती! शिंप्याला हाक मारावी असं मनात आलं, तोंड मात्र आठ वर्षांच्या सवयीने मिटलेलं. काय झालं मला कळलंच नाही, त्या मिटल्या ओठांतूनच सूर निघाला. इस्त्री करताना मी नेहमी गुणगुणते ती चाल, आईकडून आलेली. ठेका धरून, हुं-हुं, हुं-हुं.

बाबांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. ते दार ओलांडून गेले!

मी दचकून गप्प झाले. माझा नेम! त्याबरोबर त्यांचा पायही थांबला, खोली आणि न्हाणीमधल्या बोळात.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "काय चाललं होतं ते चालू ठेव."

मी परत धरलं. न्हाणीपर्यंत एकदाही अडकले नाहीत.

त्याच दुपारी डॉक्टरांनी लावून दिलेल्या, बाबांचा व्यायाम करून घेणाऱ्या ताई आल्या. पोरसवदा बाई, पण हातात जादू. मी सगळं सांगितलं तशा त्या टाळ्या वाजवायला लागल्या आणि बाबांना दारातून तीनदा ने-आण केली. मग म्हणाल्या, "पायात ताकद आहे काका. चालायचा हुकूमच आत अडकतो. बाहेरून ठेका मिळाला की पायाला धरायला दोरी मिळते. सगळ्यांना सारखा उपयोग होत नाही, तुम्हाला होतोय. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "दुपारी हे बरे चालतात म्हणता. दुपारी घरात काय चालू असतं?"

काय चालू असणार! मी चालू असते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, शेंगा निवडताना मी सारखी गुणगुणत असते. हे तर मला रेडिओच म्हणतात.

हे तेवढ्यात पाळीवरून आले होते. त्यांनी वही काढली, पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं. सगळ्या फुल्या माझ्या मौनाच्या तासात.

"सकाळी गोळीचा असर कमी असतो, तेही आहेच," ताई घाईने म्हणाल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या असतील. "मनाला लावून घेऊ नका."

लावून कसं घेणार नाही? इतके दिवस माझा पुण्याचा तास तोच त्यांचा अडकण्याचा तास होता. आम्ही गोळीची वेळ तीनदा बदलली, मौनाची बदलावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नेमाला कोण हात लावणार?

संध्याकाळी बाबांनीच विषय काढला. "हे बघ सूनबाई, माझ्यासाठी नेम मोडायचा नाही. तो माझ्या मुलाच्या जिवासाठी धरलायस. मी जाईन तिकडे. नर्सबाईंना गोष्टी सांगेन. त्यांनी काही ऐकलेल्या नसतील."

मी दिव्यापुढे जाऊन बसले. खरं सांगते, भीती वाटत होती. नेम मोडला आणि यांना काही झालं तर? मग आठवलं, दवाखान्याच्या जिन्यावर मी काय बोलले होते. दिवसाचा पहिला तास तुझा, असं बोलले होते. गप्प राहायचं हे मी नंतर ठरवलं, तेव्हा मला दुसरं काही द्यायला सुचलं नव्हतं. तास त्याचाच राहील. फक्त त्यात आता गाणं असेल. एवढं मनाशी झालं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी उठल्या उठल्या मी आमचं प्रार्थनेचं गाणं मोठ्याने म्हणायला लागले. आठ वर्षांनी सकाळी माझा आवाज मलाच परका वाटला. बाबा दारापर्यंत आले आणि अडले.

"पोरी, या चालीने न्हाणी गाठेपर्यंत संध्याकाळ होईल. देव म्हातारा नाही झालेला. जरा जलद म्हण!"

मी हसत हसत चाल वाढवली. मांडीवर ताल धरला. त्यांचे पाय निघाले.

रविवारी साडेसहालाच घंटा वाजली. नणंद रात्रभर बसमध्ये बसून आली होती. मी दाराकडे निघाले, तर बाबा पलंगावरून म्हणाले, "थांब. मी उघडतो. तू फक्त म्हण."

मी म्हणायला लागले. हात लावायचा नाही असं ठरवून दोन पावलं मागे राहिले. ते खोलीच्या दाराशी आले. थांबले. माझा सूर थोडा हलला, पण ठेका मी सोडला नाही. उजवा पाय उचलला. मग डावा. बोळ, मग बैठकीची खोली. बाहेर नणंद "वहिनी, अगं दार!" करत होती. कडी काढायला त्यांच्या थरथरत्या हाताला वेळ लागला, तेवढ्यात गाण्याचं एक कडवं दोनदा झालं.

दार उघडलं. ती बॅग हातात धरून तशीच उभी.

"छत्तीस वर्षं लोकांची दारं वाजवली," बाबा तिला म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणीतरी माझं वाजवलं आणि मी उघडलं. ये आत."

तिने बॅग खाली ठेवली आणि त्यांचा हात धरून रडायला लागली. न्यायचा विषय तिने काढला नाही. दोन दिवस राहिली, ताईंना भेटली, डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि जाताना माझ्याकडून ती चाल शिकून गेली. "सुट्टीत बाबा आमच्याकडे आले तर लागेल," म्हणाली. तिचा सूर जरा बेताचाच आहे, पण ठेका पक्का आहे.

बाबा अजूनही मधूनच अडकतात. आजार आहे तो, जाईल कुठे? पण सकाळी सहाला त्यांच्या खोलीतून हाक येते, "उघडलं का पोस्ट?" आणि मी गायला लागते. देवा, एवढा मोठा तास तू माझ्याकडून आठ वर्षं मुका स्वीकारलास, आणि वेळ आली तेव्हा बोलता करून परत दिलास. तुझे आभार मी रोज मानते. जलद चालीत.