चित्ररथाचा कपलर

सगळं लालबाग रस्त्यावर उतरलं होतं. गुलालाने माणसं ओळखू येईनात, ढोल-ताशांनी कानठळ्या बसल्या होत्या, इतक्या वर्षांच्या मारामारीनंतर मुंबईसकट महाराष्ट्र हातात पडला होता. आणि कुशाबा परब मात्र मान खाली घालून चालला होता. त्याची नजर एकाच ठिकाणी खिळली होती. पुढच्या जीपला मागच्या ट्रॉलीची दांडी जिथे अडकवली होती, तिथे. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिथून ‘ठक’ असा आवाज यायचा आणि कुशाबा वाकून बघायचा. ट्रॉलीवर बांबू-कागदाचा सह्याद्री उभा केला होता आणि सह्याद्रीच्या टोकावर, माणसाच्या डोक्याहून उंच, त्याची पोरगी नलू महाराष्ट्र माता होऊन उभी होती.

दांडी जीपला जोडणारा तो कपलर कुशाबानेच निवडला होता, कुशाबानेच बसवला होता. आणि तसं त्याने अख्ख्या चाळीला सांगूनही ठेवलं होतं!

झालं होतं असं. चाळीच्या मंडळाने चित्ररथ काढायचं ठरवलं. एका कंत्राटदाराने ट्रॉली दिली, पण तिच्या दांडीचं तोंड मोडलेलं. जीप आणली दगडूने. दगडू कांबळे नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा, एका शेटची गाडी चालवायचा आणि कुशाबाचा जुना दोस्त. जीपच्या मागे लोखंडी गोळा होता. ट्रॉलीच्या दांडीला टोपीसारखा कपलर बसवायचा, ती टोपी गोळ्यावर ठेवायची आणि खटका दाबायचा, की खालून पकड बसते. काम एवढंच.

“हे माझ्यावर सोडा,” कुशाबा म्हणाला. तो मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, फिटर. अडलेला साचा नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याचा त्याला गर्वही काही कमी नव्हता.

नागपाड्याला लष्करी भंगाराच्या दुकानात दोन कपलर निघाले. एक लहान, गंजलेला, खटका दाबायला अंगठा मोडेल असा. दुसरा मोठा, हिरव्या रंगाचा, खटका लोण्यासारखा चालणारा.

“गोला कितना बडा है, नाप लाये क्या?” दुकानदाराने विचारलं.

“अरे, नजरेत आहे माझ्या,” कुशाबा म्हणाला.

“कुशा, एकदा जाऊन मोजून येऊ या रे,” दगडू म्हणाला. “गोळ्यापेक्षा टोपी मोठी झाली तर?”

“तू स्टेअरिंग धर, लोखंडाचं मला शिकवू नकोस. पोरगी वर उभी राहणार आहे माझी. मोठं तेच मजबूत!”

मोठाच घेतला. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी बोल्ट आवळून झाले, टोपी गोळ्यावर बसवली, खटका दाबला, अगदी ‘खट’ करून बसला. कुशाबाने दांडी हलवून बघितली, तर टोपी आत खुळखुळत होती. झाली ना पंचाईत! नागपाड्याला परत जायला वेळ होता, पण दगडूला काय सांगायचं? तो तिकडे जीपला झेंडूच्या माळा बांधत होता. कुशाबाने इकडेतिकडे पाहिलं आणि घरातून चामड्याचा एक तुकडा आणला. साच्यात धोट्याला फटका मारणारा चामडी पट्टा असतो, त्याचा तो तुकडा. मिलमध्ये काहीही ढिलं झालं की तिथे चामडं कोंबायचं, आयुष्यभर तेच केलेलं. त्याने टोपीत चामडं घातलं आणि पुन्हा खटका दाबला. खुळखुळ बंद!

“नीट बसवलात मां?” बायको, राधाबाई, गॅलरीतून विचारत होती. “पोर वर उभी रवतली.”

“मिलमधलं अख्खं खातं माझ्या हातावर चालतं, आणि तू मला विचारतेस?” कुशाबा असा ओरडला की सगळ्या चाळीने ऐकलं.

आता चालता चालता त्याला दुसरीच गोष्ट आठवली आणि त्याने वर पाहिलं. ट्रॉलीला एक साखळी होती. दांडी निसटली तर ट्रॉली जीपला धरून ठेवायला असते, तीच. पण महाराष्ट्र मातेच्या हातात तुटलेल्या बेड्या हव्यात असं मंडळाचे अध्यक्ष नाना म्हणाले, तेव्हा कुशाबानेच ती साखळी करवतीने कापली होती. नलू दोन्ही हात उंचावून त्याच बेड्या लोकांना दाखवत होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

ठक.

परळच्या नाक्यावर चामड्याचं टोक टोपीबाहेर डोकावलं. कुशाबाने वाकून ते आत ढकलायला हात घातला, तर बोट चिरडता चिरडता वाचलं. “काय रे कुशाबा, नाच की!” कोणीतरी पाठीत धपाटा घातला. तो कसनुसा हसला. थांबवावं का? पण नाना पुढे कुबडी टेकत चालले होते. छप्पन्न सालच्या गोळीबारात त्यांचा पाय गेला होता, आणि चाळीत कुणाचा तर जीवच गेला होता. त्या माणसाला जाऊन काय सांगायचं, की मी माप न घेता सामान आणलं? होईल, शिवाजी पार्कपर्यंत निभावेल. सपाटीला दांडीवर वजन आहे, टोपी उचलणार नाही. असं तो स्वतःच्याच मनाला समजावत राहिला, आणि मन काही केल्या ऐकेना.

समोर एल्फिन्स्टनचा पूल दिसायला लागला. चढ बघून सात-आठ पोरं ‘मुंबई आमची!’ करत ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चढली. मागे वजन पडल्याबरोबर पुढची दांडी उचलली गेली, चामडं सुटून रस्त्यावर पडलं आणि टोपी गोळ्यावर नुसती टेकून राहिली. पुढे चढ, मागे सगळं लालबाग, आणि वर नलू.

“थांबव! दगडू, थांबव गाडी!” कुशाबा जीपच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

दगडूने हळूच ब्रेक लावला. कोणीतरी ओरडलं, “अरे, कोण आडवा आला? महाराष्ट्राच्या आड कोण येतोय?” ताशे थांबले. नाना कुबडी आपटत मागे आले. “कुशाबा, काय झालं?”

“दांडी निसटणार आहे नाना. कपलर मोठा आहे. मला सकाळीच कळलं होतं, मी आत चामडं कोंबलं.” त्याने दगडूकडे हात केला. “दगडू सांगत होता, मी ऐकलं नाही.”

दगडू खाली उतरला. खटक्याला हातही न लावता त्याने दांडी वर उचलली, आणि ती टोपीसकट अलगद निघून त्याच्या हातात आली. त्याने ती तशीच कुशाबापुढे धरली. नाना कडाडले. “गाढवा! पोटची पोर वर उभी केलीस आणि लालबागपासून गप्प चाललास?”

मग चाकांखाली दगड लावले, दोराची हाकाटी झाली. माणसांनीच रथ ओढून पूल चढवायचा असं ठरलं. चार जणांनी हात देऊन नलूला खाली उतरवलं. बेड्या अजून तिने मुठीत घट्ट धरलेल्या.

“घाबरलीस गो?” कुशाबाने विचारलं.

“लालबागपासूनच. पायाखाली ठक ठक लागत होतं ना, बाबा. वाटलं, आता निसटतंय.”

“मग ओरडली का नाहीस?”

नलूने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “एवढ्या लोकांसमोर कशी ओरडणार? तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतंत ना, मी बसवलाय म्हणून.”

कुशाबा तिथेच, भर रस्त्यात, गुलालात मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी पोरीचे पाय धरून हुंदके देऊन रडायला लागला. माणसं दोर टाकून भोवती जमली.

“बाबा, उठा ना,” नलू घाईघाईने म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघू देत,” कुशाबा म्हणाला.