ओळंब्याचा संशय

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. रागावू नका, संशय घेणं हाच माझा धंदा आहे. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला बरोबर माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा असतो. गवंडी तो भिंतीला टेकवतो आणि मी खाली लोंबकळतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर भिंत पुढे कललेली.

एका ओताऱ्याने मला घडवलं आणि कोपरीच्या गणूने विकत घेतलं. गणूचे वाडवडील मिठागरात राबलेले; हातात थापी धरणारा घरातला तो पहिला. चाळीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं. लोक गणूच्या कामाचं तोंडभर कौतुक करायचे. मी मात्र प्रत्येक भिंतीकडे वाकड्या नजरेनेच बघायचो.

पुढे गणू थकला आणि मी हत्यारांच्या डब्यात जाऊन पडलो. त्याच्या मुलाने, कमलेशने, कल्याणजवळ घरच्या जमिनीवर चार मजली इमारत बांधली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर पार्किंगमधल्या एका खांबाला भेग पडली. गणूने मला डब्यातून काढलं. माझा जुना ठोकळा कुजला होता, म्हणून त्याने नवा तासला आणि खांबाला टेकवला. चांगली बोटभर फट!

"कमलेश, खांब कललाय रं."

"बाबा, खांबाला काय नाय झालं. तुमचा ठोकळाच लांब झालाय. डोळ्यांना धड दिसतं का तुम्हाला? उगाच बिल्डिंगमध्ये टेन्शन नका देऊ."

वर बारा बिऱ्हाडं राहत होती, पोराबाळांसकट. आणि खरं सांगू? मला पहिल्यांदाच स्वतःचा संशय आला. म्हाताऱ्याच्या हातून खरंच चूक झाली असेल तर? दुसऱ्या भिंतीवर पडताळून बघावं, पण शपथेवर सरळ म्हणता येईल अशी भिंत आणायची कुठून?

"आजोबा, एक आहे," गणूची नात दर्शना म्हणाली. "जुन्या वेधशाळेत. पप्पा, तुम्ही पण चला."

रविवारी पहाटे कमलेशने कुरकुरत गाडी काढली. घाट चढून आम्ही त्या दगडी वेधशाळेत पोहोचलो. तिथली देखभाल बघणाऱ्या चित्राताई एका उंच भिंतीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "ही भिंत हेच यंत्र आहे. भित्तियंत्र म्हणतात हिला. हिच्यावरून ताऱ्यांची उंची मोजत. ही केसभर जरी कलली असती, तरी सगळी मोजणी चुकली असती. आम्ही आजही दर वर्षी तपासतो."

मला त्यांचाही संशय आला. दुसऱ्याच्या तोंडच्या सरळपणावर मी जगत नाही.

चित्राताईंनी परवानगी दिली आणि गणू ठोकळा घेऊन पुढे झाला. कमलेशने ठोकळा काढून घेतला. "द्या, मी धरतो." बाप हातचलाखी करेल अशी भीती त्याला वाटत असावी. त्याने ठोकळा टेकवला. मी झुललो, डोललो, हळूहळू स्थिर झालो.

मित्रांनो, त्या क्षणी मी चुकीचा ठरावं असं मला मनापासून वाटत होतं. माझी बदनामी झाली असती, पण बारा घरं वाचली असती.

मी दगडाला नुसता शिवलो. फट नाही, दाब नाही. कमलेशने आणखी दोन ठिकाणी ठोकळा टेकवला. तिथेही तेच. ठोकळ्यात खोट नव्हती. मग तो पायरीवर बसला आणि त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या जगनला फोन लावला.

"जगन, सगळ्यांना खाली उतरव. आत्ताच्या आत्ता. खांब गेलाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कमलेश बापाकडे बघायचं टाळत म्हणाला, "नाय रे, नक्की. मीच बांधलाय ना. आत काय घातलंय, मना ठाऊक हाय."

गणूने माझी दोरी गुंडाळली.

त्या संध्याकाळी इमारत रिकामी झाली. माणसं वाचली. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना, कुरकुरा संशयखोर असेल. त्याने बोट दाखवलं, तर लगेच त्याचे डोळे तपासायला जाऊ नका. आधी खांब तपासा.