फोटोतलं घर

"स्लॅबचं दुमजली घर न्हवं का, कडुनिंबाच्या बाजूचं? मोठ्या काचांचं?" फोनवरून आवाज आला.

"हाव, हाव, तेच," शेषरावांनी झटक्यात सांगितलं आणि फोन खिशात टाकला.

कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या रविंद्रचा हात माऊसवरच थांबला. त्यांचं घर कडुनिंबाच्या बाजूला होतं, एवढं खरं. पण ते विटांच्या चार भिंतींचं होतं आणि वर पत्रे होते. घरात काच म्हणावी अशी एकच, कपाटाच्या आरशाची, आणि तीही तडकलेली.

"बाबा, कोनाचा फोन?"

"वाशीमवाल्यांचा. करुणाचे पाव्हणे. कनेरगाव नाक्याला पोचलेत, च्या पिऊन निघतेत."

"आन तुमी त्यांना कोनता फोटो पाठवला?"

"तूच बनवलेला." शेषराव सतरंजी सरळ करू लागले. "आपल्याच जागेचा हाये. कडुनिंब आपला, हापसा आपला, बाजूला भिवाजीचा गोठा बी दिसतो. खोटं काय हाये त्यात?"

"घर खोटं हाये, बाबा!"

"तेवढंच ना," शेषराव म्हणाले.

आता या माणसाला काय सांगावं? रविंद्र पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसचं काम आपल्या साखरा गावात बसून करायचा. ते लोक उघड्या काँक्रीटची, सपाट छपराची, सरळ रेषांची घरं काढत. कमान नाही, नक्षी नाही, रंगसुद्धा नाही. ऑफिसकडून नकाशा यायचा आणि रविंद्र त्याचं असं चित्र करून द्यायचा की बघणाऱ्याला तो फोटोच वाटावा. नवशिके घर अगदी चकचकीत करतात आणि तिथेच पकडले जातात. रविंद्र घर मळवायचा. छपराच्या कडेखाली पाण्याचा ओघळ, भिंतीवर काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ, पायरीच्या कोपऱ्यात अडकलेला पाला. उन्हाळ्यात काम थंडावलं तेव्हा त्याने आपल्याच जागेचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि तिथे तसलं एक घर उभं केलं. नमुना म्हणून ऑफिसला दाखवता येईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं तर आपण अशा घरात राहिलो असतो तर कसं दिसलं असतं, हे त्याला एकदा पाहायचं होतं. बापाने ते चित्र मागून घेतलं आणि तो दुपारी पडल्या पडल्या बघत बसायचा. रविंद्रलाही बरं वाटायचं. ते पाहुण्यांपर्यंत जाईल, असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि पाहुणे तरी कोणते? धाकट्या बहिणीला, करुणाला, याआधी चार-पाच ठिकाणचे लोक बघून गेले होते. प्रत्येकाने पोहे खाल्ले, "कळवतो" म्हटलं आणि तोंड फिरवलं. हिंगोलीला दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासून पोरगी घरी यायची आणि मुकाट भाकरी थापायला बसायची. या वेळचं वेगळं होतं. वाशीमला कॉलेजात क्लार्क असलेला संघपाल तिच्याशी फोनवर बोलायचा, आणि फोन ठेवल्यावर करुणा एकटीच हसायची. घरात तिचं हसू ऐकून रविंद्रला किती दिवस झाले होते! हे स्थळ जमावं, यापलीकडे त्याला सध्या काहीही नको होतं.

"फोन करून खरं सांगून टाका."

"तू सांग मंग. चित्र तुझं हाये."

रविंद्रने नंबर काढला, पुन्हा फोन खाली ठेवला. अंगणात गेला, हापशाला उगीच दोन झटके मारले, परत आला. पाणी प्याला. पुन्हा नंबर काढला. काय सांगायचं? आमचा बाप खोटारडा आहे म्हणून? तो पुन्हा अंगणात गेला.

"दादा, एका जागी बस बरं," करुणा आतून म्हणाली. आई, केशरबाई, तिच्या साडीच्या निऱ्यांना पिना लावत होत्या. "पोरगी मी हाये का तू?"

तो दारात उभा राहिला आणि सगळं सांगून बसला. केशरबाईंनी कपाळावर हात मारला. करुणा मात्र हसली.

"त्यांनी खरं मानलं?"

"मानलं की."

"म्हंजे तुझं काम लय भारी हाये म्हनायचं." तिने पदर खांद्यावर घेतला. "काही व्हत न्हाई. येऊ दे त्यांना."

तिला एवढा भरवसा कुठून आला, ते रविंद्रला कळेना.

थोड्या वेळाने क्रूझर जीपचा आवाज आला. गाडी घरासमोरून सरळ पुढे गेली आणि गोठ्याजवळ थांबली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, फोनकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं, कडुनिंबाकडे बघितलं. गाडी मागे आली. पुन्हा पुढे गेली. शेषराव दारात अर्धवट हात जोडून उभे होते. आपण जायला हवं, असं रविंद्रला वाटत होतं, पण तो उंबऱ्याच्या आतच थांबला.

त्याच्या शेजारून करुणा बाहेर गेली. बोलावल्याशिवाय मुलीने पाहुण्यांपुढे यायचं नसतं, ते सगळं बाजूला ठेवून ती भर रस्त्यात उभी राहिली.

"जयभीम," ती म्हणाली. "घर हेच हाये. फोटोतलं घर माझ्या भावानं कॉम्प्युटरवर केलेलं हाये. उतरा, च्या घ्या. मंग काय ठरवायचं ते ठरवा."

पाहुणे उतरले. संघपाल, त्याची आई जनकाबाई आणि मामा नरसिंगराव. सतरंजीवर बसेपर्यंत मामांना दम नव्हता.

"म्हंजे फसवलं म्हना की आमाला."

"चूक माझी हाये," रविंद्र घाईघाईने म्हणाला. "चित्र मी केलं. करुणाला तर आजच कळलं."

"चित्राचं आज कळलं असंल. पन आपलं घर कसं हाये हे तिला म्हाईत न्हवतं का? आमच्या पोराला अंधारातच ठेवलं ना?"

करुणाने संघपालकडे बघितलं. तो बोटाने चहावरची साय बाजूला करत होता.

"का रे, तुला घराचं काही बोलली व्हती का ही?" जनकाबाईंनी विचारलं.

"न्हाई," संघपाल कपाकडे बघत म्हणाला.

करुणा उठली, रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. बिचारीला लाज वाटली असेल, असं रविंद्रला वाटलं. निघताना मामांनी "कळवतो" म्हटलं.

पुढचे दोन दिवस रविंद्रला चैन पडलं नाही. जेवायला बसला की मध्येच उठायचा. पुण्याचं काम उघडलं की तो पाण्याचा ओघळ, तो पाला डोळ्यांत खुपायचा. आपल्या हातातली कलाच बहिणीच्या मुळावर आली, हा विचार डोक्यातून जाईना. त्याने ते चित्र मशीनमधून काढून टाकलं. पण आता ते कुणाकुणाच्या फोनमध्ये गेलं होतं कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी करुणा कामाला निघाली होती, तेवढ्यात मामांचा फोन आला. शेषरावांनी स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाये, शेषराव! रस्त्यावर येऊन खरं बोलली, आमच्या जनकाबाईला लय आवडलं. घराचं काय, आज न्हाई तर उद्या व्हईल."

केशरबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. सुटलो, असं रविंद्रला वाटलं.

"बाबा, न्हाई म्हना त्यांना," करुणा चपलेचा बंद लावत म्हणाली.

शेषरावांनी फोन छातीशी घट्ट दाबला. "काहून? येडी झाली का तू?"

"मी त्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलं व्हतं. व्हिडिओवर दाखवलं बी. हे पत्रे, हे अंगण, आईची चूल. घर पाहून कोन लगीन करतं, म्हनला व्हता. आन परवा माझ्यासमोर म्हनला, न्हाई."

"मामाच्या समोर भेलं असंल लेकरू," केशरबाई काकुळतीने म्हणाल्या.

"भेला असंल. मी बी भेलेच व्हते की आई, रस्त्यावर जाताना."

आपल्या चित्राने घात केला नव्हता, हे कळून रविंद्रला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. तिने दोन दिवस हे एकटीने गिळलं होतं, आणि तो आपलंच दुःख कुरवाळत बसला होता.

बाहेर हिंगोलीच्या काळीपिवळी जीपने हॉर्न दिला. करुणाने डबा घेतला आणि गेली.

"हॅलो? शेषराव? आवाज येऊन राहिला का?" बापाच्या छातीशी मामा बोलतच होते. शेषरावांनी फोन रविंद्रपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली, की विचार करून सांगतो म्हण, काहीतरी म्हण.

रविंद्रने फोन घेतला.

"जयभीम मामा. रविंद्र बोलतोय. करुणानं न्हाई म्हटलं."

"न्हाई म्हटलं? काहून?"

"संघपालला इचारा. त्याला म्हाईत हाये."