माझ्या डाव्या बटणाचा अपराध

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे, आणि आधीच कबूल करतो, मनाने मी काही फार थोर नाही. कीबोर्डचं कौतुक कानावर पडलं की अजूनही माझा जळफळाट होतो.

कारखान्यात हजारो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. तिथून मी रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आलो, थेट सर्व्हरच्या खोलीत. सर्व्हर म्हणजे सगळ्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरना माहिती पुरवणारं मोठं यंत्र. ते सांभाळणारे काका रोज सकाळी रुमालाने माझी पाठ पुसायचे आणि मगच कामाला बसायचे. पडद्यावरच्या चित्रांवरून मी फिरायचो, काका बटण दाबायचे, की काम फत्ते! कीबोर्ड शेजारी धूळ खात पडलेला असायचा. नऊ वर्षं मी असा भाव खाल्ला.

मग सर्व्हर थकला. नव्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालायची, यावर वाद सुरू झाला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या घरचा कारभारी; तो जसा असेल तसं घर चालतं. काकांची पुतणी नुकतीच तिथे नोकरीला लागली होती. तिला बिनचित्रांची सिस्टिम हवी होती. काळा पडदा, आणि सगळे हुकूम टाइप करून द्यायचे. म्हणजे कीबोर्डची चंगळ आणि मला घरी बसवणार!

"काका, सर्व्हरला चित्रं कशाला हो? तिथे बघत कोण बसतंय? उगाच यंत्राची ताकद खर्च होते," ती म्हणाली.

"अगं, मला डोळ्यांनी दिसलं की जिवाला बरं वाटतं," काका म्हणाले.

शेवटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तोड काढली. दोन यंत्रांवर दोन सिस्टिम घाला, आठवडाभर चालवा, मग ठरवू. त्या आठवड्यात पुतणीच्या बोटांखाली कीबोर्ड असा काही वाजायचा की माझ्या पोटात दुखायचं. काय तो तोरा! मीही हट्टाला पेटलो. माझ्या डाव्या बटणाखालची पट्टी झिजली होती, एकदा दाबलं तरी कधी कधी दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. पण माझी पाठ लख्ख होती, आत डोकावतो कोण? मला बोलता आलं असतं तरी मी गप्पच राहिलो असतो. कीबोर्डसमोर नाक कापून घ्यायचं का?

शेवटच्या दिवशी डॉक्टरबाई बघायला आल्या. बाहेर बाकावर अकरा जण अहवालासाठी थांबले होते. काकांना आपल्या चित्रांच्या यंत्रावरचा एक छोटा प्रोग्रॅम बंद करायचा होता. त्यांनी मला एकदाच दाबलं. काहीही बंद करताना ती सिस्टिम विचारायचीच, तसा पडद्यावर प्रश्न उमटला, 'सगळा सर्व्हर बंद करू का?' आणि नेमकं माझ्या बाणाखालीच 'हो' होतं. माझं दुसरं क्लिक त्यावर पडलं. सर्व्हर बंद, अहवाल अडकले. पुतणीने धावत जाऊन चार ओळी टाइप केल्या आणि सगळं काम आपल्या यंत्रावर घेतलं.

काका आपल्या पंजाकडे बघत राहिले. "माझाच हात थरथरला," ते हळूच म्हणाले. "तुझीच सिस्टिम घालू या आता."

खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला हायसं वाटलं. माझं बिंग फुटलं नव्हतं ना!

पुतणीची निवड चुकीची नव्हती. सर्व्हर आता छान चालतो. काकांनी खोलीची किल्ली तिच्या हाती दिली आणि काम सोडलं. मी खणात पडून आहे. परवा ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "काका हल्ली भरलेला कपसुद्धा उचलत नाहीत. हात भरवशाचा राहिला नाही म्हणतात."

तेव्हापासून कीबोर्डचा हेवासुद्धा मला धड करता येत नाही. मित्रांनो, एखाद्याचा हात चुकला असं म्हणण्याआधी त्याच्या हातातली वस्तू उघडून बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणी हा खण उघडलाच, तर मला जोडा, एकदाच दाबा आणि काय होतं ते काकांना दाखवा. त्यांचा हात अगदी स्थिर होता. नऊ वर्षं मी त्याच हाताखाली होतो.